शुक्रवारचं घंगाळ

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर किरटं आहे, ओळ वर वर चढत जाते, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत असतानाही जमलं नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली, कारण माझ्या पाठची चार भावंडं होती आणि आईला घरात हात हवा होता. त्यानंतर लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं. ही वही माझ्या नातीची उरलेली आहे, पुढची अकरा पानं तिच्या गणितांची आहेत. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण जे घडलं ते मला तोंडाने कधी नीट सांगता आलं नाही. चार माणसं बसली की माझा घसा बंद होतो. म्हणून कागदाला सांगते. चुकून कुणाच्या हाती वही पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल. अलिबागच्या खालच्या अंगाला आमचं गाव. पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, ग्रंथ समुद्रात गेले, आणि ध्यानात उरलं तेवढं त्यांनी पाळलं: शनिवारी काम नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी, आणि पाठ असलेली एक प्रार्थना. पोटासाठी तेल गाळलं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. माझ्या लहानपणी आजोबांचा घाणा अजून फिरत होता. गावातल्या प्रार्थनालयात वीज नव्हती. सेफर, म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली शास्त्राची गुंडाळी, जिथे ठेवतात त्या कपाटापुढे साखळीला काचेचा पेला टांगलेला असे. खाली पाणी, वर आमच्या घाण्याचं खोबरेल, मध्ये वात. शुक्रवारी ते तेल पोचवायचं काम माझं होतं. तेवढ्या वाटेवर मी कुणाशी बोलत नसे, तेल सांडेल म्हणून.

नवरा गेला त्या वर्षी लेकीने, शोशनने, मला न्यू जर्सीला आणलं. तिला आणि जावयांना इथे येऊन पंधरा वर्षं झालेली, दोघं इथलेच नागरिक, त्यामुळे माझेही कागद झाले. नवऱ्याच्या आजारात मी एलियाहू हनाबीला, आमच्या जुन्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलले होते. आमच्यात संकट आलं की त्यालाच हाक मारतात. तो कधी वाटसरू होऊन येतो, कधी भिकारी होऊन, असं आम्ही मानतो. माझ्याकडे तो आला नाही. नवरा वाचला नाही, म्हणून नवस फेडायचा प्रश्नही उरला नाही. देवावर मी रागावले नव्हते, पण प्रार्थना म्हणताना पाटीवर लिहून लगेच पुसल्यासारखं वाटे. इथे तर घरात दिवसभर कुणी नसे. कपडे मशीन धुई, भांडी मशीन घाशी. साठीला टेकलेली बाई खिडकीत बसून गाड्या बघे. मला वाटू लागलं की माझं देवाकडेही काही काम उरलेलं नाही.

घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक जुनं सिनेगॉग, म्हणजे इथलं प्रार्थनालय, होतं. विटांची बुटकी इमारत, माणसं पंचवीस-तीस, सगळी म्हातारी आणि अमेरिकन. शनिवारी शोशन मला तिथे नेई. एकदा तिथला झाडणारा माणूस काम सोडून गेला, तेव्हा शनिवार सरल्यावर मीच जाऊन कोपऱ्यातला झाडू उचलला. दुसऱ्या आठवड्यातही उचलला. मग त्यांनी मला तीन दिवसांचं काम देऊ केलं, पगारी.

शोशन रडायच्या बेताला आली. "आई, तुला इथे झाडू मारायला आणलंय का मी? लोक काय म्हणतील? जस्ट रिलॅक्स कर ना घरी."

मी म्हटलं, "रिलॅक्स करूनच पाय सुजलेत माझे."

जावई हसले आणि म्हणाले, "जाऊ दे त्यांना. निदान घरातलं बाथरूम तरी दिवसातून दोनदा धुवायच्या थांबतील."

तिथे एक म्हातारे होते, पंचाऐंशीच्या घरातले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते कोहेन होते, म्हणजे पहिला याजक अहरोन, त्याच्या घराण्यातले याजक. फार पूर्वी देवाचा निवासमंडप, म्हणजे तंबूचं देऊळ, रानातून चालला होता, आणि नंतर मंदिर बांधलं, तेव्हा वेदीचं काम या घराण्याकडे होतं आणि बाकीची सगळी सेवा लेवी वंशाकडे. आमच्या बेने इस्राएलांत कोहेनही नाहीत आणि लेवीही नाहीत, आम्ही सगळे नुसते इस्राएल. त्यामुळे जिवंत याजक मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते, आणि तो बनियनवर नळ दुरुस्त करत होता. चाळीस वर्षं त्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. मी मनात त्यांना कोहेनबाबा म्हणे. ते मला 'आजी' म्हणत, कारण माझी नात नोआ मला तशी हाक मारे आणि त्यांना ते माझं नाव वाटलं. पंचाऐंशी वर्षांचा माणूस मला आजी म्हणतो याचं नोआला इतकं हसू येई की तिने त्यांना कधी खरं सांगितलंच नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी मी लाजून, कुणी यायच्या आत झाडून घ्यावं म्हणून पहाटेच गेले. ते आधीच येऊन बसले होते. माझ्या हातातला झाडू बघून त्यांनी काहीतरी बराच वेळ सांगितलं. मला 'गुड' एवढंच कळलं. रविवारी नोआ बरोबर होती. ती नऊ वर्षांची, मराठी तोडून तोडून बोलते. तिला त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

"आजी, ते म्हणतात, टेंपलमध्ये प्रीस्टचं सकाळचं फर्स्ट काम काय होतं माहितेय? राख काढायचं. कालच्या फायरची. ते चांगले कपडे काढायचे, दुसरे साधे घालायचे, आणि राख बाहेर क्लीन जागेवर नेऊन ठेवायचे. ते म्हणतात, तू फर्स्ट काम करतेस."

त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून ते हललं नाही. चुलीतली राख मी वयाच्या सहाव्या वर्षापासून काढली. ते बाईचं, खालचं, कुणी न बघायचं काम, असंच मी धरून चालले होते. आणि तिकडे सोन्याच्या पट्ट्याचा झगा घालणारा याजक दिवसाची सुरुवात राखेने करत होता, आणि ती राखही उकिरड्यावर नाही, शुद्ध जागी ठेवत होता. मग मी माझं मराठी शास्त्र काढलं. अक्षराला बोट लावून वाचते मी, एका पानाला एक संध्याकाळ लागते. लेव्यांच्या सेवेची ती पानं माणसं सहसा टाळतात, नुसत्या याद्या आहेत म्हणून. मला त्या याद्याच आवडल्या. निवासमंडप हलवायचा झाला की कुणी काय उचलायचं ते ठरलेलं. कहाथाच्या घराण्याने कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, आणि दीपवृक्ष खांद्यावरून न्यायचे, पण ते आधी याजकांनी झाकायचे, यांनी हात लावायचा नाही. गेर्षोनाच्या घराण्याने पडदे आणि दोऱ्या न्यायच्या. आणि मरारीच्या घराण्याने फळ्या, खांब आणि खुंट्या न्यायच्या. ज्याने खुंट्या वाहायच्या त्याला नावाने नेमून द्यायच्या असं तिथे लिहिलंय. खुंट्या कोण बघतं? पण रानात एक खुंटी मागे राहिली तर देवाच्या घराचा कोपरा लोंबला असता. मी ते पान नोआकडून कोहेनबाबांना सांगवलं. ते खूप हसले. "मी मरारीकडे जन्मायला हवा होतो," म्हणाले. "आयुष्यभर खुंट्याच विकल्या."

त्या वर्षीच्या सणात मी त्यांना आशीर्वाद देताना पाहिलं. आधी एका म्हाताऱ्या लेवीने त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. कोहेनाने हात धुतल्याशिवाय उभं राहायचं नाही, आणि पाणी ओतायचा मान लेवीचा. मग ते पायातलं काढून, डोक्यावरून पांढरी शाल घेऊन उभे राहिले, दोन्ही हात शालीखाली पसरले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला माहीतच नव्हतं की त्या वेळी बघायचं नसतं. गावात आम्हाला कोण दाखवणार होतं? मी एकटी डोळे भरून बघत राहिले. शेजारच्या बाईने हळूच माझी मान खाली दाबली. मी इतकी घाबरले की दोन दिवस जेवण गेलं नाही. नोआने त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मी रोज आरशात एक कोहेन बघतो. फक्त भूक मरते, बाकी काही होत नाही."

त्यांनी मला नेमून दिलेलं एक काम मात्र मला आवडत नव्हतं. पाणी ओतायचा दोन कानांचा तांब्या आणि त्याखालचं मोठं तांब्याचं घंगाळ दाराच्या आतल्या अंगाला एका चौरंगावर असे. दर शुक्रवारी मी ते रिकामं करायचं, शिळं पाणी बाहेरच्या गुलाबाला घालायचं, घंगाळ चिंचेने घासायचं आणि काठोकाठ भरायचं. सणाचे चार-पाच दिवस सोडले तर त्या पाण्याला कुणी बोट लावत नसे. तो म्हातारा लेवीही पुढच्या हिवाळ्यात वारला. कोहेन एकटा, लेवी कुणी नाही, आणि मी दर शुक्रवारी बादल्या वाहतेय. एकदा मी नोआकडून विचारलं, हे कुठे लिहिलंय का? ते म्हणाले, "लिहिलेलं नाही. माझे वडील करायचे. शब्बाथच्या शनिवारी घंगाळ कोरडं नको." मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. मी भरत होते, पण मनात कुरकुर करून.

मला आवडायचं ते दुसरंच काम, जे मला कुणी दिलं नव्हतं. सेफरच्या कपाटापुढे इथेही अखंड दिवा टांगलेला होता, पितळी साखळी आणि लाल काच, पण आत विजेचा बल्ब. तेल्याच्या मुलीला तो दिवा खोटा वाटे. झाडताना मी रोज त्याच्याकडे बघे आणि वाटे, एकदा यात खरं तेल पडावं, माझ्या हातचं.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी वादळ झालं आणि आमच्या भागातली वीज गेली. मी एकटीच होते. घंगाळ भरून झालं होतं. वर बघितलं तर अखंड दिवा विझलेला. मला इतकं भरून आलं, जणू ही वेळ माझ्यासाठीच आणली होती. पिशवीत ओक ट्री रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानातून आणलेली खोबरेलाची निळी बाटली होती, केसांसाठी घेतलेली. स्वयंपाकघरातून काचेचा पेला घेतला. खाली पाणी, वर तेल, स्वच्छ रुमालाची वात. खुर्चीवर चढले, लाल काच आणि बल्ब काढून पेला त्या पितळी कड्यात बसवला आणि काडी ओढली. ज्योत लागली. चाळीस-पन्नास वर्षांनी मला आमच्या प्रार्थनालयाचा वास आला. मी तिथेच उभं राहून नवऱ्यासाठी प्रार्थना म्हटली, आणि ती पुसली गेली नाही असं वाटलं. मग पंखे बंद म्हणून उकडत होतं, तर बाजूची खिडकी उघडली आणि मागच्या खोलीत खुर्च्या पुसायला गेले.

कपाटापुढे निळ्या मखमलीचा पडदा होता, सोन्याच्या तारेचं काम केलेला. तो कोहेनबाबांच्या आईने भरला होता, त्यांच्या जन्माच्या आधी. वाऱ्याने तो फुगला आणि दिव्याला लागला. छताची धुराची घंटी ओरडायला लागली तशी मी धावले. पडद्याची एक कड पेटून ज्वाळा वर चढत होत्या. त्याच्या मागे लाकडी कपाट, आणि कपाटात सेफर. मला ओरडायचं होतं. आवाज फुटला नाही. पाय हलले नाहीत. तीन पावलांवर काठोकाठ भरलेलं घंगाळ होतं, मीच तासाभरापूर्वी भरलेलं, आणि मला ते आठवलंसुद्धा नाही.

तेवढ्यात दारातून एक माणूस आत आला. भिजलेला, दाढी पिकलेली, अंगावर कामकऱ्याचे कपडे. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि दोन्ही हातांनी घंगाळ उचलून सगळं पाणी पडद्यावर ओतलं. उरलेली धग त्याने तळहातांनी दाबून विझवली. मग खुर्चीवर चढून तेलाचा पेला सावकाश काढला, वातीवर फुंकर घातली आणि पेला माझ्या हातात दिला, जसं लहान मुलाच्या हातात परत खेळणं द्यावं. काहीतरी बोलला, मला कळलं नाही. रागाचं नव्हतं एवढं कळलं. आणि गेला. मी कपाट उघडून बघितलं. सेफरला धूरसुद्धा लागला नव्हता.

जावई नंतर म्हणाले, "वायरमन असेल, आई. वादळानंतर सगळीकडे फिरत होते. घंटी ऐकून आला असेल." तसंही असेल. समोरच्या घरातल्या बाईने सांगितलं की त्या रस्त्याला वीजवाल्यांची गाडी संध्याकाळीच आली. तसंही असेल. मी यावर कुणाशी वाद घालत नाही.

मला त्या वेळी वाचल्याचा आनंद झालाच नाही. मला अहरोनाचे दोन मुलगे आठवले. गावात कीर्तनात ऐकलं होतं: दोघंही याजक, दोघांनी न सांगितलेला अग्नी देवापुढे नेला आणि तिथेच जळून गेले. मी तर याजकही नव्हते, झाडणारी बाई. मी अंथरूण धरलं. दोन आठवडे सिनेगॉगकडे गेले नाही. सिनेगॉगच्या कमिटीतल्या एका बाईंचा फोन आला की काळजी करू नका, जुना पडदा होता. त्याने मला आणखीच लाज वाटली. मी शोशनला म्हटलं, "मला गावी पाठव. माझी सेवा देवाला नको आहे, त्याने स्पष्ट सांगितलंय."

तिसऱ्या रविवारी कोहेनबाबा स्वतः आले. त्यांची गाडी इतकी हळू चाले की नोआने खिडकीतून त्यांना बघितल्यावर माझी वेणी घालून झाली तरी ते दारात पोचले नव्हते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. शोशनने चहा ठेवला. मी मान वर केली नाही. मी नोआला सांगितलं, त्यांना विचार, ते दोन मुलगे.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग बोलले, आणि नोआही हळू आवाजात सांगत गेली. "ते म्हणतात, मी ऑल माय लाइफ त्या दोन मुलांचा विचार केला. मला आन्सर माहीत नाही. त्यांच्या बाबांनापण माहीत नव्हतं, ते काहीच बोलले नाहीत. पण ते म्हणतात, ते प्रीस्ट होते, त्यांना रूल माहीत होता. तुला माहीत नव्हता. ज्याला माहीत नव्हता त्याच्यासाठी वेगळा रूल आहे."

तो नियम त्यांनी बोटांवर मोजून सांगितला. पवित्र वस्तूचं कुणाकडून नकळत नुकसान झालं, तर त्याने ते भरून द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि याजकाच्या हातात ठेवायचं. मग याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करी आणि त्याला क्षमा होई. आता मंदिर नाही, वेदी नाही, बळी नाही. पण भरून देणं माणसाच्या हातात अजून आहे, आणि याजकाचा हातही आहे, असं म्हणून त्यांनी आपला पंजा टेबलावर पालथा ठेवला. खिळ्यांनी चरे पडलेला.

शोशन म्हणाली, "अंकल, हाऊ मच? आम्ही चेक देतो. आत्ता देतो."

आणि तेव्हा माझा आवाज फुटला. परक्या माणसापुढे, माझ्या घरात, मोठ्याने. "तू नाही. मी फेडीन. माझ्या पगारातून."

"आई, किती वर्षं लागतील तुला?"

"लागतील तेवढी."

नोआने सांगायच्या आतच त्यांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली. भरतकाम करणाऱ्या बाईने पडद्याच्या दुरुस्तीचे चौदाशे पन्नास डॉलर सांगितले होते. पाचवा हिस्सा दोनशे नव्वद. सगळे मिळून सतराशे चाळीस. मग ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून एवढंच म्हणाले. नोआने ते मला सांगितलं तेव्हा तिचं मराठी पहिल्यांदाच अगदी नीट होतं.

"आजी, ते म्हणतात, घंगाळ दोन आठवडे कोरडं आहे."

त्या शुक्रवारी मी गेले. घंगाळाला पोचा पडला होता, तांब्यावर हिरवट डाग आले होते. चिंच लावून घासताना मला एकेक गोष्ट दिसत गेली. जे काम मी माझ्या हौसेने केलं, ज्यात मला माझं गाव, माझा घाणा, माझं दुःख सगळं दिसत होतं, त्याने जाळलं. जे काम मी कुरकुर करत, दुसऱ्याने सांगितलं म्हणून केलं, त्याने वाचवलं. माझी भक्ती खोटी होती असं मला वाटत नाही. देवानेही तसं म्हटलं नसावं, नाहीतर पाणी तिथे नसतं. पण मरारीच्या माणसाला कोश उचलावासा वाटला असेल का कधी? वाटला असेल. तरी तो खुंट्या घेऊन चालला, म्हणून मंडप पुढच्या मुक्कामाला उभा राहिला. मरारीच्या त्या माणसांचा मला आजही फार आदर वाटतो. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, पण त्यांनी आपापलं ओझं बदलून मागितलं नाही.

पहिल्या पगाराचे पहिले वीस डॉलर देताना मी ओक ट्री रोडवरून पोहे, नारळ, खजूर, केळी आणली आणि मलिदा केला. नवऱ्यासाठी बोलले होते तो नवस. फळाला आला नाही तरी फेडावा असं वाटलं. दारातून आलेल्या त्या माणसाच्या नावाने एक वाटी बाजूला काढली. कोहेनबाबांनी दोनदा मागून खाल्ला आणि हेही बेसनलाडूच का म्हणून विचारलं, कारण नोआने त्यांना तोवर लाडूही खायला घातले होते.

मग दर रविवारी वीस डॉलर. नोआच्या शाळेच्या फीला हातभार लावायचा असला किंवा गावी भावाला पाठवायचे असले की तो रविवार चुके. कोहेनबाबा कधी विचारत नसत. आपल्या बंद झालेल्या दुकानाचं उरलेलं पावतीपुस्तक ते घेऊन येत, दोन्ही हातांनी नोट घेत आणि पावती फाडून देत. कमिटीच्या बाई एकदा म्हणाल्या, पुरे झालं, माफ केलं. त्यांनी बाईंना सांगितलं की हे तुमच्या-माझ्या माफीचं नाही. पडदा दुरुस्त होऊन आला. खालच्या अंगाची मखमल थोडी गडद आहे, जवळ गेलं की जोड दिसतो. मला तो दिसलेला बरा वाटतो.

दुसऱ्या वर्षीच्या सणाला कोहेनबाबा चाकाच्या खुर्चीवर होते. आशीर्वादाची वेळ आली आणि हातावर पाणी ओतायला कुणी लेवी नव्हता. त्यांनी मला खूण केली. मी मागच्या रांगेत होते, उठलेच नाही. नोआ माझ्या कानाशी लागली. "आजी, ते विचारतात, तू तुझ्या आईची फर्स्ट बेबी होतीस का?"

"होय. पण का?"

"ते म्हणतात, लेवी नसेल तर फर्स्ट-बॉर्न चालतो. देवाने आधी फर्स्ट-बॉर्नच घेतले होते सर्व्हिससाठी. लेवी त्यांच्या जागी आले. ते म्हणतात, ये."

एक-दोन म्हाताऱ्यांनी भुवया वर केल्या, कारण बाईने हे करायची तिथे रीत नव्हती. कोहेनबाबा म्हणाले, घंगाळ तीन वर्षं कोण भरतंय? मग त्या म्हाताऱ्यांनीच सरकून मला वाट दिली. मी सगळ्यांसमोरून चालत गेले. तेल सांडू नये म्हणून लहानपणी चालत असे तशी. तांब्याचे दोन्ही कान धरले आणि त्यांच्या त्या चरे पडलेल्या हातांवर पाणी ओतलं, तीनदा उजव्यावर, तीनदा डाव्यावर. मग मागे जाऊन मान खाली घातली आणि डोळे मिटले. या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. शब्द माझ्या डोक्यावरून गेले, प्रत्येकावरून गेले तसे, आणि मला वाटलं, जे वाहायचं ते वाहत असतं, आपण फक्त भांडं घासून ठेवायचं. नवरा का वाचला नाही याचं उत्तर मला मिळालं नाही. अहरोनालाही मिळालं नव्हतं. तो गप्प राहिला, आणि पुढे याजकाचं काम करतच राहिला. माझ्यासारखीला तेवढा धडा पुरतो. देवाने मला रांगेत जागा दिली, आणि चुकले तेव्हा त्या जागेवर परत यायला वाट ठेवली. याबद्दल मी त्याची जन्माची ऋणी आहे, आणि हे एक ऋण असं आहे की ते फिटावं अशी माझी इच्छा नाही.

दुसरं फिटलं. दोन हजार सात सालच्या वसंतात, एका रविवारी, मी सत्त्याऐंशीवी नोट घेऊन त्यांच्या वृद्धाश्रमात गेले. त्यांना आता नीट दिसत नसे. नोट त्यांनी बोटांनी चाचपली, पावतीपुस्तकाच्या अर्ध्या तुकड्यांवरून नोआला बेरीज करायला लावली, आणि ती "सेव्हन्टीन फॉर्टी" म्हणाली तेव्हा तिला पुन्हा एकदा करायला लावली. मग उशीखालून दुकानाचा जुना रबरी शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ घातली आणि शेवटच्या पावतीवर दाबला. शाई सुकलेली होती, अक्षरं अर्धीच उमटली. त्यांनी पुन्हा वाफ घातली, पुन्हा दाबला. "बघ," म्हणाले. नोआने वाचून दाखवलं: पैसे पूर्ण मिळाले.

मी ती पावती पदरात बांधली. तो रविवार होता, शुक्रवारला अजून पाच दिवस होते, पण घरी जाताना मी वाटेत चिंच घेतली.